क्रॅम्पॉनचे जनक ऑस्कर एकेन्स्टाइन : बर्फावरील वाट सुकर करणारा अभियंता

हिमशिखरांवर चढाई करणाऱ्या प्रत्येक गिर्यारोहकाच्या बुटाखाली आज दातेरी पोलादी साचा दिसतो. क्रॅम्पॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साधनाला आधुनिक रूप दिले ते ब्रिटिश रेल्वे अभियंता आणि गिर्यारोहक ऑस्कर एकेन्स्टाइन यांनी.

एकेन्स्टाइन यांचा जन्म १८५९ साली लंडन येथे झाला. त्यांचे वडील १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयाला आले होते. ऑस्कर यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. मात्र व्यवसाय रेल्वेतील अभियांत्रिकीचा केला. वेल्समधील प्रस्तरांवर आणि आल्प्स पर्वतावर त्यांनी गिर्यारोहणाचा अभ्यास केला. अंगबळापेक्षा तोल आणि पदन्यास महत्त्वाचा, असा त्यांचा आग्रह असे.

भारतीय उपखंडाशीही त्यांचा निकटचा संबंध आला. १८९२ साली मार्टिन कॉन्वे यांच्या काराकोरम मोहिमेत ते सहभागी झाले. परंतु दोघांचे पटले नाही आणि मोहीम अर्ध्यावर असतानाच ते परतले. १९०२ साली त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली के-२ शिखराची मोहीम आखली. त्यावेळी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना काश्मीरच्या वाटेवर सुमारे तीन आठवडे रोखून धरले. खराब हवामान आणि आजारपण यांमुळे मोहीम शिखर गाठू शकली नाही. तथापि, पथकातील दोन सदस्य सुमारे ६,५०० मीटर उंचीपर्यंत पोहोचले. के-२ च्या माथ्यावर प्रथम मानवी पाऊल पडण्यास त्यानंतर १९५४ साल उजाडावे लागले.

त्या काळी बर्फाच्या उतारावर कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदत वर जावे लागे. त्यात तासन् तास खर्ची पडत, शक्ती क्षीण होई आणि हवामान बिघडल्यास माघार घेणेही दुष्कर ठरे. आल्प्समधील शिकारी आणि मेंढपाळ फार पूर्वीपासून पायाला खिळ्यांच्या पट्ट्या बांधत असत. पण त्या उभ्या उतारावर पुरेशा नव्हत्या. एकेन्स्टाइन यांनी बुटाच्या तळव्याला नेमका बसणारा, दहा दात्यांचा साचा तयार केला आणि त्याविषयीचे विवेचन १९०८ साली प्रसिद्ध केले. घोटा वाकवून सर्व दाते एकाच वेळी बर्फात रुतवावेत, ही त्यांच्या तंत्राची मुख्य सूत्ररचना होती. इटलीतील कुर्मायूर गावचे लोहार हेन्री ग्रिवेल यांनी हे आराखडे प्रत्यक्षात उतरवले. एका हाताने वापरता येईल, अशी आखूड बर्फकुऱ्हाडही एकेन्स्टाइन यांनी तयार केली.

अनेक ब्रिटिश गिर्यारोहकांना मात्र हे साधन कृत्रिम आणि खिलाडूवृत्तीशी विसंगत वाटले. पायऱ्या खोदण्याचे कौशल्य हीच खरी कसोटी, असे ते मानत. त्यामुळे क्रॅम्पॉनचा स्वीकार इंग्लंडपेक्षा आल्प्सच्या परिसरात लवकर झाला.

एकेन्स्टाइन यांचे १९२१ साली क्षयरोगाने निधन झाले. पुढे १९२९ साली लोरां ग्रिवेल यांनी साच्याला पुढील बाजूस दोन दाते जोडले. जुलै १९३८ मध्ये आयगर शिखराच्या उत्तर कड्यावरील पहिल्या यशस्वी चढाईत बारा दात्यांच्या क्रॅम्पॉनचे महत्त्व सिद्ध झाले. ती धारण करणारे हेकमायर आणि फोर्ग उशिरा निघूनही पुढील जोडीला लवकरच येऊन मिळाले. त्या जोडीतील हारर यांच्याकडे क्रॅम्पॉनच नव्हते.

ज्या शिखराने एकेन्स्टाइन यांना परत पाठवले, त्या के-२ वर आज पाऊल ठेवणारा प्रत्येक जण त्यांच्या कल्पनेचा आधार घेऊनच वर चढतो.