शितावरून भात आणि एका बाटलीचा ठपका

पिंप्राळ्यातल्या स्वयंपाकघरात भात शिजला का हे पाहायला कोणी पातेले रिकामे करत नाही. एक शीत दाबले की कळते. थोड्यांवरून सगळ्यांविषयी असे अनुमान काढण्याला तर्कशास्त्रात ‘विगमन’ म्हणतात. ते कधी तारते आणि कधी फसवते, हे वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यात दिसते.

1860 साली ओडेसात जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कॉलऱ्याची लस तयार करून 1893 मध्ये भारतात आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना अपाय झाला नाही, पण एका माणसावरून लस गुणकारी ठरत नाही. म्हणून त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली, काहींनी नाही. दोघांचे राहणे एकाच ठिकाणी. लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी आढळला. या तुलनेमुळे अनुमानाला बळ आले.

ऑक्टोबर 1902 मध्ये मात्र पंजाबातील मल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली आणि त्यातले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. पण ते 19 जण एकाच बाटलीतले होते. इतर बाटल्यांतून टोचलेले 88 जण सुखरूप होते. दोष मुंबईतच शिरला असता, तर इतक्या दिवसांनी उघडलेल्या बाटलीला दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. बाटली उघडताना गावातच चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये ही बाजू जाहीरपणे मांडली आणि हाफकिन दोषमुक्त झाले. ते पुन्हा भारतात, कलकत्त्यात रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचे नाव मिळाले. 1930 मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

गल्लीत कोणाला औषध बाधले की ते औषधच वाईट, असे आपण चटकन ठरवतो. त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: ते किती जणांनी घेतले, त्यातले किती आजारी पडले आणि आजारी पडलेल्यांत वेगळे काय होते? शीत दाबायचेच, पण पातेल्यात चारही बाजूंनी पळी फिरवून.