विल्यम रँकिन : आसाची भेग ओळखणारा अभियंता



वर्गात मुलांना एक जाडसर तार द्या आणि एकाच जागी पुढे-मागे वाकवायला सांगा. ओढून न तुटणारी तार थोड्याच वेळात तुटते. मग त्यांना रँकिन यांची गोष्ट सांगा.

विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन यांचा जन्म ५ जुलै १८२० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. तब्येत नाजूक, त्यामुळे शाळा थोडीच झाली. बरंचसं शिक्षण घरी, वडिलांकडे. चौदाव्या वर्षी काकांनी न्यूटनचा ग्रंथ भेट दिला, तोही लॅटिनमधला, आणि या पोरानं तो वाचून काढला! पुढे विद्यापीठात गेले, पण पदवी न घेताच रेल्वेच्या कामाला लागले.

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. आग लागली, डब्यांना बाहेरून कुलपं होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळी बऱ्याच जणांचा समज असा, की हादऱ्यांनी लोखंड आतून बदलतं, दाणेदार होतं आणि मग मोडतं.

रँकिन तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे. त्यांनी तुटलेले आस नीट पाहिले. जाड आस जिथे एकदम बारीक होतो, त्या खांद्याच्या कोपऱ्यात सगळीकडून बारीक, गुळगुळीत भेग आत गेलेली दिसली, साधारण अर्धा इंच. उरलेला मधला भाग मात्र नुकताच मोडलेला. म्हणजे आस एका दिवसात तुटला नव्हता, भेग हळूहळू वाढत होती. १८४३ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि उपायही सुचवला : खांद्याचा कोपरा टोकदार ठेवू नका, गोलाई द्या.

१८५५ पासून ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक होते. वाफेच्या इंजिनावरचं त्यांचं काम मोठं आहे, पण ते इथे नको.

मुलांना त्यांची चूकही जरूर सांगा. १८६९ मध्ये फिरत्या शाफ्टबद्दल लिहिताना त्यांनी म्हटलं, की एका ठराविक वेगापुढे शाफ्ट सुरक्षित चालूच शकत नाही. २४ डिसेंबर १८७२ रोजी ते वारले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत स्वीडनच्या गुस्ताव द लाव्हाल यांनी लवचीक शाफ्ट त्या वेगाच्याही पुढे फिरवून दाखवला. त्यामागचं गणित १९१९ मध्ये जेफकॉट यांनी नीट उलगडलं.

आता भेग आणि कंपन यांचा संबंध बघा. आडवा शाफ्ट स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो. भेग खाली आली की उघडते, वर गेली की मिटते. उघडली की शाफ्ट थोडा मऊ पडतो, मिटली की पुन्हा ताठ. त्यामुळे नेहमीच्या थरथरीत एका फेऱ्यात दोनदा येणाऱ्या हादऱ्याची भर पडते. त्या ठराविक वेगाच्या साधारण निम्म्या वेगाला हा हादरा एकदम वाढतो. म्हणूनच वीज केंद्रात टर्बाईन बंद करताना, वेग उतरत असताना, कंपनांकडे बारीक लक्ष ठेवतात. भेग डोळ्यांना दिसत नसली तरी तिथे तिचा सुगावा लागू शकतो.

तारेच्या प्रयोगात एक सांभाळा : वाकवलेली जागा चांगलीच गरम होते, मुलांना लगेच बोट लावू देऊ नका.