आगकाड्या चालवणारे दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात. त्यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. धुंडिराजला लहानपणापासून चित्रकलेची आवड होती. म्हणून तो मुंबईला जे. जे. कला शाळेत आणि मग बडोद्याला कलाभवनात शिकला. पुढे त्याने फोटो काढायचा धंदा केला, छापखाना काढला, जादूचे खेळही केले. जादूच्या खेळात त्याने आपले नाव प्रोफेसर केळफा ठेवले होते. मित्रांनो, फाळके हे नाव उलटे वाचून पाहा, म्हणजे समजेल. आता तो मोठा झाला म्हणून मी त्यांना दादासाहेब म्हणतो.

१९१०-११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत तंबूत येशू ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला. तो मुका सिनेमा होता. तेव्हा सगळेच सिनेमे मुके होते. आपले राम-कृष्ण पडद्यावर असेच का हलू नयेत, असा त्यांनी ध्यास घेतला. ते रोज सिनेमे पाहत आणि रात्री जागून पुस्तके वाचत. त्यामुळे डोळे इतके बिघडले की आंधळे व्हायची पाळी आली. डॉक्टरांच्या उपचाराने नजर परत आली. मग विम्याचा कागद गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सिनेमा कसा काढतात ते दोन आठवड्यांत शिकले आणि कॅमेरा विकत घेऊन आले.

पण पैसे द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा मांडला. महिनाभर त्या एकाच रोपाचे थोडे थोडे चित्र घेतले. पडद्यावर दाखवले तर एका मिनिटात बी फुटले, कोंब आला आणि वेल वर चढला! त्या फिल्मचे नाव अंकुराची वाढ. ती पाहून लोकांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले. आमच्या चौथीच्या वर्गातही गुरुजींनी डब्यात हरभरा लावला आहे आणि ते रोज मोबाईलवर त्याचा एक फोटो काढतात. नुसते पाहत बसलो तर हरभरा हलताना दिसत नाही. फोटो एकामागून एक सरकवले की तो मान वर करतो. पोट्टे ते पाहायले फार गर्दी करतात.

तरी पैसे पुरले नाहीत. मग त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडले. हे वाचले तेव्हा मले आमच्या घरचे आठवले. पेरणीच्या वेळी बियाणे घ्यायले मायची पोत गहाण ठेवावी लागते. पोत घेऊन बाबा गेले की घरात कोणी जास्त बोलत नाही. वावरात पीक तरी येते, पण सिनेमा चालेल की नाही हे फाळक्यांच्या घरी कोणालेच माहीत नव्हते. तरी सरस्वतीबाई हो म्हणाल्या. त्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडत. विलायतेहून कोरी फिल्म यायची, तिले कडेने भोके नसायची. ती भोके त्या रात्री अंधारात बसून पाडत.

पहिला चित्रपट होता राजा हरिश्चंद्र. तारामतीचे काम करायला एकही बाई मिळाली नाही. मग हॉटेलात स्वयंपाक करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदासाचे काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्राने केले. ज्या पुरुषांना बायकांची कामे होती ते मिशी काढायला तयार नव्हते, कारण वडील वारल्यावरच मिशी काढायची चाल होती. सिनेमात काम करणे लोक वाईट समजत. म्हणून कुठे कामाला आहेस असे कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे, असे सांगायचे ठरले होते. याच नावाचा मराठी चित्रपट २००९ साली निघाला. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि खूप चालला. मग दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला नेला.

आता आगकाड्यांची गंमत सांगतो. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विलायतेची फिल्म मिळणे कठीण झाले. त्या दिवसांत, १९१५ साली, त्यांनी आगकाड्यांची मौज नावाची छोटी फिल्म काढली. आगकाड्या मांडायच्या, चित्र घ्यायचे, थोड्या सरकवायच्या, पुन्हा चित्र घ्यायचे. पडद्यावर त्या आपोआप चालल्यासारख्या दिसत. कार्टून असेच करतात. मुक्या सिनेमात एका सेकंदाला सुमारे १६ चित्रे लागत. मी गणित केले. एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. शंभर पानी वही म्हणजे ५० कागद, तिच्या कोपऱ्यात धावणारा माणूस काढला तर तो तीन सेकंदांत संपतो. तेव्हा अमेरिकेचे वॉल्ट डिस्ने शाळेत जाणारे मुलगे होते. त्यांचा मिकी उंदीर १९२८ मध्ये पडद्यावर आला. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये जंबूकाका हे कार्टून काढले, आणि एक अनेक और एकता हे चिमण्यांचे कार्टून विजया मुळे यांनी १९७४ मध्ये केले. ते आमच्या बाईंना अजून पाठ आहे. आगकाड्यांची मौज मात्र आता पाहायले मिळत नाही. ती फिल्म उरलीच नाही.

दादासाहेबांनी लंकादहन, कालियामर्दन असे पुष्कळ चित्रपट काढले. कालियामर्दनमध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. पुढे भागीदारांशी पटले नाही म्हणून ते काही काळ काशीला जाऊन राहिले. बोलपट आल्यावर त्यांचे मुके चित्रपट मागे पडले. गंगावतरण हा त्यांचा एकच बोलपट, तो १९३७ मध्ये आला. शेवटी हालाखीचे दिवस आले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाने चित्रपटाचा सर्वांत मोठा पुरस्कार देते.

वरती जे चित्र चिकटवले आहे ते मी काढले. कॅमेऱ्यामागे दादासाहेब आहेत. बाजूला चादर धरून उभ्या आहेत त्या सरस्वतीबाई. त्यांच्या गळ्यात मी काहीच काढले नाही.