पोटाला चिमटा, ग्रंथाला नाही

मूल कॉलेजात जाऊ लागले की घरात खर्चाची चिंता सुरू होते. अशा वेळी परमपूज्य बाबासाहेबांचे विद्यार्थी-जीवन आठवा.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यातूनच ते घरीही पैसे धाडीत. चैनीला त्यांनी फाटा दिला. मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० ग्रंथ जमविले.

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण त्यांनी जिद्द सोडली नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून शिल्लक टाकली. तिला कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज जोडून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

तेथे सकाळी पावाच्या तुकड्याची तुटपुंजी न्याहारी, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दुपारच्या जेवणाला सुट्टी. गाडीभाडे वाचावे म्हणून पायी चालणे. रात्री वाचताना भूक लागली तर चार पापड. इकडे माता रमाई हालअपेष्टा सोसून संसार रेटीत होत्या. १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळाली, ती या दोघांच्या काटकसरीतून.

म्हणून लग्नकार्यातला, सणासुदीतला भपका कमी करा. तो पैसा मुलांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी बाजूला ठेवा.