नाटककार इब्सेन

युरोपच्या उत्तरेस नॉर्वे नावाचा डोंगराळ, थंड देश आहे. तेथील शीएन या गावी २० मार्च १८२८ रोजी हेन्रिक इब्सेन याचा जन्म झाला. त्याचे वडील सुखवस्तू व्यापारी होते. परंतु हेन्रिक लहान असतानाच त्यांचा व्यापार बुडाला. पंधराव्या वर्षी त्याला एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी पत्करावी लागली. दिवसा दुकानात राबावे आणि रात्री जागून वाचावे, लिहावे, असा त्याचा क्रम होता. पुढे काही वर्षे त्याने नाटकगृहांत नोकरी केली. १८६४ साली तो मायदेश सोडून गेला आणि सुमारे सत्तावीस वर्षे इटली व जर्मनी या देशांत राहिला.

त्याच्या ओळखीची एक तरुण लेखिका होती. तिचा पती क्षयाने आजारी पडला. त्याला बरे वाटावे म्हणून तिने गुपचूप कर्ज काढले. ते फेडता येईना, तेव्हा पुस्तक छापून घेण्यासाठी तिने इब्सेनकडे शब्द टाकला. पण त्याने नकार दिला. अखेर सारे उघडकीस आले. ज्याच्यासाठी कर्ज काढले, त्या पतीनेच तिला दूर लोटले आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली!

ही हकीगत इब्सेनच्या मनात घर करून राहिली. तिच्यातूनच १८७९ साली ‘बाहुलीचे घर’ हे नाटक जन्मास आले. त्यातील नोराही पतीच्या प्राणांसाठी कर्ज काढते. पतीला ते कळते, तेव्हा त्याला तिच्या मायेपेक्षा स्वतःच्या अब्रूचीच चिंता पडते. आजवर आपण या घरात केवळ खेळण्यातली बाहुली होतो, हे नोराला उमगते आणि ती घर सोडून जाते. रंगभूमीवरील पत्नीने सोसावे व क्षमा करावी, अशी सवय असलेले प्रेक्षक यामुळे खवळले. जर्मनीत तर एका नामांकित नटीने हा शेवट करण्याचे साफ नाकारले. दुसऱ्या कोणी नाटकाची मोडतोड करू नये, म्हणून इब्सेनने नाइलाजाने स्वतःच निराळा शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांकडे पाहून थांबते. पण तो शेवट फार दिवस टिकला नाही. मूळचाच पुन्हा रूढ झाला.

१८८४ साली विवाहित स्त्रियांना स्वतःच्या मालमत्तेवर हक्क मिळावा, अशा मागणीच्या अर्जावर इब्सेनने सही केली. चार वर्षांनी तसा कायदा झाला. २३ मे १९०६ रोजी इब्सेन मरण पावला. पुढे १९४१ साली अनंत काणेकर यांच्या ‘घरकुल’ या नाटकातून नोराची कथा मराठीत आली.