कंपनी बुडायला आली, तेव्हा कमिन्सने जुन्या लिमोझिनमध्ये डिझेल इंजिन बसवलं आणि थेट न्यूयॉर्क गाठलं

पुण्यात कमिन्स हे नाव नवीन नाही. कर्वेनगरला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कोथरूडला 1962 साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, आणि लाईट गेली की सोसायटीच्या मागे धडधडणाऱ्या जनरेटरवरही बऱ्याचदा हेच नाव असतं. पण हा कमिन्स नेमका कोण, हे विचारलं तर भलेभले गप्प बसतात.

तर हा गडी अमेरिकेतल्या इंडियानाचा. नाव क्लेसी कमिन्स, जन्म 1888 चा, शेतकऱ्याच्या घरातला. शिक्षण आठवीपर्यंत. पण मशीनचं वेड असं, की पोरवयातच त्याने घरच्या घरी वाफेचं इंजिन बनवलं होतं.

1908 मध्ये तो कोलंबस गावातल्या विल्यम आयर्विन नावाच्या बँकरकडे ड्रायव्हर म्हणून लागला. मालकाच्या गाड्या चालवायच्या आणि दुरुस्तही करायच्या. पोराच्या हातात जादू आहे हे आयर्विनने ओळखलं, आधी वर्कशॉपला जागा दिली आणि मग 1919 मध्ये कमिन्स इंजिन कंपनीसाठी पैसेही दिले. ड्रायव्हरच्या नावाने कंपनी आणि पैसा मालकाचा, असा उलटा प्रकार.

सुरुवात मात्र वाईट झाली. सीअर्स या कॅटलॉगवरून माल विकणाऱ्या कंपनीने शेतीच्या छोट्या इंजिनांची मोठी ऑर्डर दिली. सीअर्सचा नियम होता, माल पसंत नसेल तर परत करा. शेतकरी पण हुशार. इंजिन घ्यायचं, हंगामभर वापरायचं आणि काम झालं की परत पाठवायचं. आयर्विनचे पैसे बुडत राहिले. 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला आणि कंपनी बंद करायची वेळ आली.

तेव्हा डिझेल म्हणजे बोटीचं किंवा कारखान्याचं इंजिन, हा लोकांचा पक्का समज होता. जड, धूर ओकणारं, हादरे देणारं. क्लेसीने एक जुनी पॅकार्ड लिमोझिन घेतली, तिचं पेट्रोल इंजिन काढलं आणि तिथे आपलं डिझेल इंजिन बसवलं. 1929 च्या नाताळच्या दिवशी त्याने आयर्विनलाच त्या गाडीतून फिरवून आणलं. म्हाताऱ्याने कंपनी बंद करायचा विचार सोडला.

पुढच्याच महिन्यात क्लेसी त्याच गाडीने इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या ऑटो शोसाठी निघाला. अंतर जवळपास 800 मैल. इंधनाचा खर्च झाला 1 डॉलर 38 सेंट. पेपरवाल्यांना आयती बातमी मिळाली. 1931 मध्ये त्याच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत एकदाही न थांबता पूर्ण केली. नंबर आला तेरावा, पण न थांबता ती शर्यत संपवणारी ती पहिली गाडी.

आता रील्सवर जुन्या ट्रकमध्ये दुसरं इंजिन टाकणारे शेकडो व्हिडिओ दिसतात. त्यात इंजिन बसतं, फोटो निघतो, व्हिडिओ संपतो. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. साधा रेडिएटरचा पंखा घ्या. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी आरपीएमवर चालतं, त्यामुळे इंजिनावर फिरणारा पंखाही सावकाश फिरतो. लोड भरून घाट चढताना गाडीचा वेग कमी असतो, समोरून वारा येत नाही आणि इंजिन मात्र तापलेलं असतं. अशा वेळी जुनाच पंखा ठेवला तर रेडिएटर उकळणार. मोठा बसवला तर तो इंजिनाचीच ताकद खातो. शिवाय नव्या इंजिनाचा पंखा जुन्या रेडिएटरच्या मधोमध येईलच असं नाही. एक पार्ट बदलला की अख्ख्या गाडीचं गणित बदलतं.

क्लेसीला हे गणित घाट चढताना नाही, उतरताना कळलं.

1931 मध्ये तो दोन साथीदारांसोबत डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला. हा सगळा प्रवास 11 डॉलर 22 सेंटच्या इंधनात झाला, असा त्याचा गाजावाजा झाला. पण कॅलिफोर्नियातला कॅहोन पास उतरताना ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाले. खाली रेल्वे फाटक, फाटकातून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात वाचून पलीकडे गेला.

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनात येणारी हवा अडते आणि इंजिनच गाडीला मागे ओढतं. डिझेलमध्ये हवा मोकळी येते. पिस्टन ती दाबतो आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. म्हणजे इंजिनाकडून रोध जवळपास नाहीच, सगळा भार ब्रेकवर.

ही गोष्ट क्लेसीच्या डोक्यात वर्षानुवर्षे राहिली. दरम्यान कंपनीला 1937 मध्ये पहिला नफा झाला, कारभार आयर्विनच्या घरातल्या पुढच्या पिढीकडे गेला आणि क्लेसी पन्नाशीच्या दशकात बाहेर पडला. कॅलिफोर्नियात निवृत्तीचे दिवस काढताना त्याला उत्तर सापडलं. हवा पूर्ण दाबली गेली की त्याच क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायचा. दाबलेली हवा बाहेर निघून जाते, पिस्टनला परत ढकलायला काही उरत नाही आणि इंजिनच ब्रेक होतं.

गंमत म्हणजे त्याच्याच नावाच्या कंपनीने हे काम घेतलं नाही. ड्रिल मशीनचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने घेतलं आणि 1961 मध्ये ब्रेक बाजारात आला. आजही बऱ्याच ट्रकमध्ये उतारावर या ब्रेकसोबत रेडिएटरचा पंखाही मुद्दाम चालू होतो, कारण एरवी इंजिनाची ताकद खाणारा पंखा तिथे रोधाच्या कामी येतो.

क्लेसी 1968 मध्ये वारला. ट्रकवाले त्या ब्रेकला जेक ब्रेक म्हणतात, जेकब्सवरून. त्याच्या फटफट आवाजाला कंटाळून अमेरिकेतल्या कित्येक गावांनी वेशीवर हा ब्रेक वापरायला मनाई करणाऱ्या पाट्या लावल्यात.