विश्लेषण : खडकी-दौंडहून थेट इंग्लंड! मार्कोनी यांनी लांब पल्ल्याचा वायरलेस दुवा कसा साधला?

मोबाइल टॉवरवरची गोल डिश दूरच्या दुसऱ्या डिशकडे नेमकी रोखलेली असते. तार न टाकता दोन ठिकाणे जोडण्याचे हे तंत्र ज्यांच्या प्रयोगांतून घडले, त्यांत गुलिएल्मो मार्कोनी आघाडीवर होते. भरपूर वीज ओतण्यापेक्षा लहरींना दिशा देणे महत्त्वाचे, हे सिद्ध करायला त्यांना जवळपास तीन दशके लागली. त्यातला एक टप्पा पुणे जिल्ह्यात पार पडला.

सुरुवात कशी झाली?

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील जमीनदार, आई आयरिश. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या तरुणाने हर्ट्झ यांच्या विद्युतचुंबकीय लहरींविषयी वाचून घरीच प्रयोग मांडले. १८९५ मध्ये त्यांनी अँटेनाची तार उंच नेली, यंत्राचे दुसरे टोक जमिनीला जोडले आणि संदेश टेकडीपलीकडे सुमारे दोन किलोमीटरवर पोहोचला. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला गेले आणि पेटंटसाठी अर्ज केला. १८९९ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडीच्या दोन काठांवर वायरलेस संपर्क साधला.

अटलांटिकवर सगळे पणाला का लागले?

रेडिओ लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेपलीकडे त्या पोहोचणार नाहीत, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत होते. तरीही मार्कोनी यांनी कंपनीचा पैसा ओतून कॉर्नवॉलमधील पोल्ढू येथे प्रचंड केंद्र उभारले. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळात तिथले उंच खांब कोसळले. अमेरिकेतील केप कॉड येथील खांबांचीही तीच गत झाली.

मार्कोनी थांबले नाहीत. पोल्ढूला तात्पुरता अँटेना उभारला गेला आणि ते स्वतः न्यूफाउंडलंडला गेले. तिथे पतंगाला बांधून सुमारे १५० मीटर लांबीची तार हवेत सोडली. १२ डिसेंबर १९०१ रोजी ‘एस’ अक्षराचे तीन ठिपके ऐकू आल्याचा दावा त्यांनी केला. अंतर होते सुमारे ३,५०० किलोमीटर. पण पुरावा म्हणजे फक्त कानांची साक्ष. त्यामुळे या दाव्यावर आजही शंका घेतली जाते.

फेब्रुवारी १९०२ मध्ये त्यांनी ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले. रात्री संदेश दिवसापेक्षा कितीतरी दूर जातात, हेही तिथे दिसले. वातावरणातील आयनांचा थर लहरी परत पृथ्वीकडे वळवतो, हे त्यामागचे कारण पुढे स्पष्ट झाले.

१९०९ मध्ये त्यांना कार्ल ब्राउन यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वरील मार्कोनी कंपनीच्या ऑपरेटरांनी मदतीचे संदेश पाठवले. ते ऐकून आलेल्या ‘कार्पेथिया’ने ७०० हून अधिक जणांना वाचवले.

खडकी आणि दौंडचा संबंध काय?

सुरुवातीची केंद्रे लांब लहरी चहूबाजूंना फेकत. त्यासाठी अवाढव्य अँटेना आणि प्रचंड वीज लागे. नंतर मार्कोनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन लघुलहरींकडे वळले. अँटेनाच्या मागे तारांचा परावर्तक लावला, की लहरींचा झोत एकाच दिशेने जातो. हीच ‘बीम’ पद्धत.

१९२७ मध्ये भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली. संदेश पाठवणारे केंद्र खडकीला, तर घेणारे दौंडला होते. आपल्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात दूरवरून येणारा क्षीण संदेश बुडू नये, म्हणून दोन्ही केंद्रे लांब ठेवली जात. सात हजार किलोमीटरहून दूरचा हा दुवा समुद्राखालच्या तारांपेक्षा स्वस्त पडू लागला. बीम सेवेच्या स्पर्धेने केबल कंपन्या हादरल्या आणि १९२९ मध्ये दोन्ही व्यवसाय एकत्र आणावे लागले.

आजच्या डिशशी नाते कोणते?

१९३३ मध्ये व्हॅटिकन आणि पोपचे उन्हाळी निवासस्थान कॅस्टेल गँडोल्फो यांच्यात मार्कोनी यांनी मायक्रोवेव्ह टेलिफोन दुवा सुरू केला. अंतर फक्त २० किलोमीटरच्या आसपास, पण आजच्या डिश-टू-डिश जोडणीचा हा पूर्वज. इतक्या आखूड लहरींना आयनांच्या थराचा आधार मिळत नाही. म्हणूनच आजही अशी जोडणी करताना आधी उंच जागा शोधतात, मधली झाडे-इमारती तपासतात आणि मगच दोन्ही डिश एकमेकींकडे रोखतात.

मार्कोनी यांच्या चरित्राला काळी बाजूही आहे. १९२३ मध्ये ते फॅसिस्ट पक्षात सामील झाले आणि मुसोलिनींच्या राजवटीत त्यांनी मानाची पदे भूषवली. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना आदरांजली म्हणून ठिकठिकाणच्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले.